गादीखाली ठेवलेला कोट

मित्रांनो, गादीने बोलायचे नसते. माणसे तिच्यावर लोळतात, घोरतात, रुसून भिंतीकडे तोंड करून पडतात, आणि तिने ते सगळे पोटात ठेवायचे असते. मीही कापसाची एक जुनी गादी आहे आणि बरेच काही पोटात ठेवले आहे. पण एक गोष्ट मला आजही टोचते, म्हणून तेवढी सांगते.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या दुकानात झाला. गादीवाल्याने कापूस पिंजला तेव्हा त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. निळ्या पट्ट्यांच्या खोळीत त्याने मला ठासून भरले, काठीने सारखे केले आणि दाभणाने टाके घातले. मी हूं की चूं केले नाही, याचा मला अजून अभिमान आहे. मग एक नवरा-बायको मला न्यायला आले. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि बायको शिवणकाम करायची. गिऱ्हाइके तिला मास्टरीणबाई म्हणत. तिने मला मुठीने दाबून पाहिले आणि म्हणाली की अशा गादीवर माणूस सकाळी उठायचेच विसरेल. एवढी स्तुती पुन्हा माझ्या वाट्याला आली नाही.

त्यांचे घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत कापड कापायचे लांब टेबल आणि खिडकीशी मशीन. मागच्या खोलीत पलंग आणि पलंगावर मी. मधला पडदा कायम बाजूला सारलेला, त्यामुळे मला पडल्या पडल्या सगळे दिसायचे. मास्टरीणबाईंचा हात मोठा साफ होता. खडूची रेघ एकदा मारली की कात्री तिच्यावरून केसभरही ढळत नसे. रात्री पाठ टेकली की त्या गाढ झोपत, आणि मला वाटे, ही सगळी माझीच करामत.

पुढे काम वाढले. लोक लांबून येऊ लागले आणि मास्टरीणबाईंना नाही म्हणता येईना. सकाळी त्या नुसत्या चहावर मशीनला बसत. मग दुसरा चहा, त्यात बुडवून दोन बिस्किटे. दुपारी ताट वाढून ठेवलेले असे. एवढी बाही लावते नि जेवते, असे म्हणत त्या बाही लावत, मग कॉलर, मग काज, आणि अन्न निवून जाई. उशिरा रात्री पोटाला तडस लागेपर्यंत जेवायचे आणि माझ्यावर आडवे होऊन मोबाईलवर दुसऱ्यांचे शिवलेले कपडे बघत राहायचे. सकाळी त्या माझ्या काठावर डोके धरून बसत. उठायचे आहे हे ठाऊक असे, पण उठवत नसे.

आणि खापर कोणावर फुटले? माझ्यावर. या गादीने पाठ धरली, या गादीत गोळे झालेत, असे त्या येईल त्याला सांगू लागल्या. मला उलटे केले. गच्चीवर नेऊन उन्हात टाकले आणि शेजाऱ्यांच्या देखत छडीने झोडपले. त्या दिवशी धरणीने पोटात घेतले असते तर बरे, असे मला झाले. मग पुन्हा गादीवाल्याकडे नेऊन माझा कापूस पिंजून आणला. तरी थकवा तसाच. मग मलाच वाटू लागले की दोष माझाच असणार. जिने माणसाला विसावा द्यायचा तिच्याच अंगावरून माणूस थकून उठतो, याहून मोठी नामुष्की गादीला नसते.

शेवटी नवऱ्याने फोमची गादी आणली आणि माझी रवानगी तिच्या खाली झाली. फोमची स्वभावाने वाईट नाही, पण तिला स्वतःचे फार कौतुक. ते पंधरा दिवस टिकले. मग मास्टरीणबाई तिच्याही नावाने बोटे मोडू लागल्या. मी गालातल्या गालात हसले, पण ते हसू फार वेळ राहिले नाही. मास्टरीणबाई आता भरदुपारी मशीनवर डुलक्या घेत होत्या, आणि एकदा सुई बोटातही गेली होती.

अशातच गावातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई एक लोकरी कोट घेऊन आल्या. हिरवा, उन्हाने विटलेला, आतून अस्तर लावलेला. तो त्यांच्या वारलेल्या आईचा होता. त्याचे आपल्या मापाचे जाकीट करून हवे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. असे कापड पुन्हा कुठे मिळणार नाही, हे त्यांनी सांगायचीही गरज नव्हती.

मास्टरीणबाईंनी कोट उसवला, अस्तर काढले, इस्त्री केली आणि कागदी साचा ठेवून कापायला घेतला. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हते आणि आदल्या रात्रीची झोप मोबाईलने खाल्ली होती. मित्रांनो, जाकिटाला पुढचे दोन भाग असतात, एक उजवा, एक डावा. एक कापून झाला की साचा उलटा ठेवून दुसरा कापतात. शिवण शिकायला लागले की हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मास्टरीणबाईंनी साचा उलटा केलाच नाही. कापून झाल्यावर त्यांनी दोन्ही तुकडे शेजारी शेजारी मांडले. दोन्ही उजवेच होते.

त्यांनी कात्री खाली ठेवली. मग सगळे तुकडे एका उशीच्या अभ्र्यात भरले, मागच्या खोलीत आल्या आणि ते माझ्याखाली सरकवले. नवऱ्यालाही सांगितले नाही.

ग्रंथपालबाई आल्या तेव्हा त्यांना मशीन बिघडल्याचे सांगितले. पुन्हा आल्या तेव्हा त्या रंगाचे अस्तर मिळत नसल्याचे. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, सावकाश करा, तुमच्या हातात आहे म्हणजे मला काळजी नाही. त्या गेल्यावर मास्टरीणबाई आत येऊन पलंगावर बसल्या. माझ्याखाली कोट, माझ्यावर फोमची, आणि तिच्यावर तोंड झाकून बसलेल्या त्या. आधी थकव्याने झोप नीट लागत नव्हती, आता शरमेने लागेना.

काही दिवसांनी त्यांची धाकटी नणंद राहायला आली. ती एका दवाखान्यात नर्स होती. चादर बदलताना तिचा हात माझ्याखाली गेला आणि अभ्रा बाहेर आला. तिने तुकडे पाहिले, वहिनीकडे पाहिले. मास्टरीणबाईंनी झोपेची रड सुरू केली. आधी मला बोल लावला, मग फोमच्या गादीला.

"वहिनी, गादीचं राहू दे," नणंद म्हणाली. "आज सकाळपासून तू काय खाल्लंस ते सांग."

मास्टरीणबाई आठवत राहिल्या. आठवण्यासारखे काही नव्हते.

"मला माझ्या हातांची लाज वाटते गं," त्या म्हणाल्या. "कात्री धरायचीच भीती बसलीये."

नणंद समजूत घालत बसली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासणीत अंगात रक्त कमी निघाले. गोळ्या मिळाल्या, आणि उपाशीपोटी राहिलात तर गोळ्या काही करणार नाहीत, ही तंबीही मिळाली. मग घराचे वळण बदलले. सकाळी अंडे आणि दूध पोटात गेल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. दुपारी बाही अर्धी राहिली तरी उठायचे आणि गरम आहे तोवर जेवायचे. दुपारनंतर चहा बंद. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके, आणि मोबाईलने झोपायचे पुढच्या खोलीत, कात्रीच्या खणात.

एका दिवसात काही जादू झाली नाही. चहा कमी झाला तसे डोके ठणकले. रात्री त्या कूस बदलत राहिल्या. एकदा चोरून खणाकडे गेल्या आणि नवऱ्याच्या खोकल्याने परत आल्या. अर्ध्या राहिलेल्या बाहीकडे पाहत जेवणे तर त्यांना शिक्षाच वाटे. पण हळूहळू अंगात त्राण आले. एका सकाळी डोळे उघडताच त्या सरळ उभ्या राहिल्या. नवरा म्हणाला, "आज लिफ्ट मधल्या मजल्यावर अडकली नाही वाटतं." पुष्कळ दिवसांनी त्या मनापासून हसल्या.

कोट मात्र माझ्याखालीच होता.

मग एके दिवशी खाऊन झाल्यावर त्यांनी स्वतःच अभ्रा ओढून काढला आणि तुकडे खिडकीच्या उजेडात मांडले. दोन उजवे भाग. मग त्यांनी त्यातला एक उलटा केला. उलटा केला की तो डावा झाला, आणि त्या बाजूला ऊन कधी लागलेच नव्हते. अस्तराखाली इतकी वर्षे मूळचा गर्द हिरवा रंग तसाच राहिला होता. वीणही दोन्हीकडून सारखीच. कोट उसवला त्या दिवशीही हे त्यांच्या डोळ्यांपुढेच होते, पण तेव्हा डोळे नुसते उघडे होते.

शिवायला बसण्याआधी त्यांनी ग्रंथपालबाईंना बोलावून घेतले.

"मी चुकले," त्या म्हणाल्या. "दोन्ही भाग एकाच बाजूचे कापले. मशीन बिघडलं नव्हतं, अस्तराचंही खोटं होतं. तुम्हाला तोंड कसं दाखवू, म्हणून लपवलं."

ग्रंथपालबाईंचा चेहरा पडला. "आईचा कोट होता हो," एवढेच त्या म्हणाल्या. मास्टरीणबाईंनी मान खाली घातली. त्यांनी काही सारवासारव केली नाही, फक्त तो उलटा केलेला भाग पुढे सरकवला आणि चालत असेल तरच शिवीन म्हणाल्या. ग्रंथपालबाईंनी त्या गर्द हिरव्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

"मी लहान असताना तो असाच होता," त्या म्हणाल्या. "शिवा."

जाकीट झाले. एक बाजू विटलेली, एक बाजू गर्द. मास्टरीणबाई आता रात्री शांत झोपतात. त्यांनी माझी माफी वगैरे काही मागितली नाही, आणि मी अजून फोमच्या खालीच आहे. मला एवढीच विनंती करायची आहे, मित्रांनो. वेळेवर खा, वेळेवर निजा, आणि तरीही थकवा जाईना तर कोणाला तरी सांगा. गादीला झोडपून काही होत नाही. आणि चूक झालीच तर ती माझ्याखाली सरकवू नका. कापसात कितीही मऊपणा असला तरी त्या चुकीवर तुम्हाला झोप लागेल असे मला काही करता येत नाही. मी खूप प्रयत्न करून पाहिला आहे.