नव्या एडक्याला जुनी घंटा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. चपटा, पत्र्याचा, एका बाजूला तारांचा झुपका लावलेला. हसू नका! शहाणी माणसं मला मोटारीचा मेंदू म्हणतात. इंजिनात पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची, हे मी ठरवतो. पण मी आता राहतो त्या हुलसूर गावात मला सगळे डबाच म्हणतात आणि आता मलाही त्याचं काही वाटत नाही.

एका मोठ्या कारखान्यात हातमोजे घातलेल्या मुलींनी मला जोडलं, वर झाकण ठेवलं आणि स्क्रू आवळले. तेव्हापासून मी आत कोंडलेला आहे. मला जग दिसत नाही. जे कळतं ते तारांमधून कळतं, नाहीतर बॉनेट उघडल्यावर कानावर पडतं. बोलताही येत नाही. काही बिघडलं तर चालकापुढचा एक पिवळा दिवा लावायचा, एवढीच माझी वाचा. आणि लोक काय करतात माहीत आहे? त्या दिव्यावर देवाचा छोटा फोटो चिकटवतात आणि निर्धास्त होतात.

माझी पहिली नोकरी हैदराबादच्या एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीत होती. त्यांच्या किल्लीच्या मुठीत तांदळाएवढी एक चिप होती. किल्ली लावली की ती चिप माझ्याशी हळूच बोलायची. मी तिला ओळखायचो आणि मगच ठिणगी सोडायचो. माझी शिकवणच तशी होती. ही किल्ली आपली, दुसरी कुठलीही आली तर तो चोर. बाईंनी माझं कधी कौतुक केलं नाही, पण मी त्यांना कधी रस्त्यात सोडलं नाही.

पुढे एका लॉरीनं त्या गाडीचा चेंदामेंदा केला. बाई वाचल्या. गाडी भंगारात गेली आणि मला उपटून एका दुकानाच्या फळीवर टाकलं. धूळ बसली, कोळ्यांनी जाळी विणली. मी मात्र त्या किल्लीची वाट बघत होतो. वेडाच म्हणा!

एक दिवस मला पिशवीत घालून बसनं हुलसूरला आणलं. ते का आणलं, हे मला पुढे थोडं थोडं ऐकून समजलं.

हुलसूरच्या सिद्धरामच्या घरी पूर्वी मेंढरं होती. वडील उमाजी गेले, चरायची रानं कमी झाली, कळप विकला आणि गावातल्या कितीतरी तरुणांसारखा सिद्धराम हैदराबादला गेला. तिथं तो एका साहेबाची गाडी चालवायचा आणि जिन्याखालच्या खोलीत झोपायचा. वर्षातून एकदा घरी यायचा. एका दिवाळीला तो आला, तेव्हा त्याच्या तुळजानं बापाला ओळखलंच नाही. ती दारामागं लपली आणि आईला म्हणाली, ‘‘माय, कोन आलंय?’’

ते त्याच्या काळजाला लागलं. जमवाजमव करून त्यानं एक जुनी मोटार घेतली आणि तो घरी परतला. भालकी स्टेशन, उदगीरचा दवाखाना, लग्नाची वऱ्हाडं, अशी भाडी तो करू लागला. मोटार चालली तरच त्याला गावात राहता येणार होतं. नाहीतर पुन्हा ती जिन्याखालची खोली होतीच.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे अवजारांची पूजा असते आणि सिद्धरामचं अवजार म्हणजे मोटार. त्यानं बॉनेट उघडलं आणि मोटरपंपाच्या पाइपानं आतबाहेर सगळं धुतलं. झेंडूच्या माळा घातल्या. नारळ फोडला आणि ‘ज्याच्या जिवावर जगतो त्यालाबी तीर्थ मिळू द्या’ म्हणत नारळाचं पाणी इंजिनावर ओतलं. ते गोड पाणी माझ्या आधीच्या डब्यात शिरलं. तारा जोडायच्या त्याच्या पितळी पायांवर हिरवा गंज चढला. त्या डब्यानं पिवळा दिवा लावला, पण दिव्यावर देव होते. करायला गेला पूजा आणि झाला घात! काही दिवसांनी गाडी भर रस्त्यात बंद पडली.

बसवकल्याणचा मेकॅनिक चन्नबसप्पा आला. त्यानं आधी बॅटरी बदलली, मग प्लग, मग पेट्रोलचा पंप. चोर सोडून संन्याशाला फाशी! शेवटी तो म्हणाला, ‘‘डबा मेलाय, सिद्धराम. फेकून दे. हैदराबादला भंगारात दुसरा मिळतोय बघ.’’

तो दुसरा म्हणजे मी. चन्नबसप्पानं मला बसवलं, तारा जोडल्या आणि सिद्धरामनं किल्ली फिरवली.

इंजिन घुर्रघुर्र फिरलं. किल्लीतली चिप माझ्याशी बोलली. मी कान देऊन ऐकलं. ती परकी होती. मी ठिणगी अडवली.

पुन्हा किल्ली फिरली, पुन्हा मी अडवली. सिद्धरामची बायको धनलक्ष्मी देवाचा धावा करत होती, तिचं पुटपुटणं मला ऐकू येत होतं. चन्नबसप्पानं पान्ह्याच्या मुठीनं माझ्या पाठीत दोन ठेवून दिल्या. मित्रांनो, मला काय वाटलं असेल, याची कल्पना करा! तो माणूस चोर नव्हता, हे मला कळत होतं. पण मला खोटं बोलता येत नाही आणि खरं सांगायला तोंड नाही. ज्या किल्लीची आठवण मी जिवापाड जपली होती, तिनंच मला बांधून घातलं होतं. झाकणाखाली कोंडलेला मी, आणि माझ्यामुळे कोंडीत सापडलेलं ते घर.

‘‘हाबी डबा खराबच निघाला की,’’ सिद्धराम म्हणाला आणि चाकाजवळ मटकन बसला. ‘‘जाऊ द्या आता. सायबाला फोन करतो, सोमवारी येतो म्हणून.’’

‘‘कामून?’’ धनलक्ष्मीचा आवाज चिरकला. ‘‘लेकरू आत्ता कुठं तुमच्या अंगाखांद्यावर खेळायलंय आन तुम्ही परत जायलाव?’’

‘‘मग काय करू? हितं बसून गाडीला हार घालू का?’’

त्यानं खरंच फोन केला. धनलक्ष्मीनं कपड्यांची पिशवी भरली.

चन्नबसप्पालाही चैन पडेना. त्यानं गुलबर्ग्याच्या रेवणसिद्धप्पाला फोन लावला. हा माणूस असले डबे उघडून दुरुस्त करणारा. फोन ठेवून चन्नबसप्पा म्हणाला, ‘‘डबा चांगला हाय म्हणतोय. किल्लीची वळख न्हाई त्याला. जुना डबा आणा, त्यातली वळख काढून ह्यात घालतो म्हणतोय.’’

‘‘जुना डबा?’’ सिद्धराम उसळला. ‘‘तूच म्हणलास की अण्णा, फेकून दे म्हणून!’’

‘‘आन कोन म्हणलं फेकला म्हणून?’’

हा आवाज बाणूबाईंचा, सिद्धरामच्या आईचा. म्हातारी आत गेली आणि कोनाड्यातून एक गाठोडं घेऊन आली. त्यात उमाजींच्या कळपापुढे चालणाऱ्या एडक्याची, म्हणजे मेंढ्याची, घंटा होती आणि घंटेशेजारी तो मेलेला डबा.

‘‘आमच्यात एडका मेला तरी त्याची घंटा फेकत न्हाईत, बाबा,’’ ती चन्नबसप्पाला म्हणाली. ‘‘नव्या एडक्याच्या गळ्यात तीच बांधायची. त्याबिगर मेंढरं त्याच्या मागं जात न्हाईत. ह्या डब्यामागं समदी गाडी चालत व्हती. मग त्याला उकिरड्यावर कसा टाकू?’’

चन्नबसप्पा मला सोडवायला लागला.

सिद्धरामनं आम्हा दोघांना एका पिशवीत घातलं आणि गुलबर्ग्याची बस धरली. वाटभर आम्ही एकमेकांवर आदळत होतो. मी त्याच्याशी बोलू पाहिलं, पण तो गप्पच होता. त्याचे हिरवे पडलेले पाय माझ्या अंगाला खरखरीत लागत होते.

रेवणसिद्धप्पानं आधी जुन्याला उघडलं. आत डोकावून तो म्हणाला, ‘‘पाय सडलेत, पर आठवण शाबूत हाय.’’ मग त्यानं माझे स्क्रू काढले. जन्मानंतर पहिल्यांदाच माझ्या अंगावर उजेड पडला! पण आनंद करायला सवड कुठली? तो माझ्यातली डॉक्टरीणबाईंची किल्ली पुसणार होता. मला फार वाईट वाटलं. ती किल्ली आता कुठेच नाही, हे मला तोवर समजलेलं होतं. तरीही वाईट वाटलं. मग त्यानं जुन्यातली ओळख काढून माझ्यात घातली आणि झाकण लावलं. पुन्हा अंधार झाला.

हुलसुरात गल्ली गोळा झाली होती. भरलेली पिशवी दाराशीच होती. सिद्धरामनं किल्ली लावली. चिप बोलली आणि मित्रांनो, मी ओळखलं! ठिणगी सोडली. इंजिन असं काही पेटलं की कोंबड्या उडाल्या. तुळजानं हॉर्नवर हात दाबला तो उचललाच नाही.

त्या गोंगाटात सिद्धराम बॉनेटजवळ येऊन फोनवर ओरडत होता, ‘‘सायेब, माफ करा. सोमवारी यायला जमायचं न्हाई. न्हाई सायेब, कधीच न्हाई. पोरीनं आत्ता कुठं वळख धरलीय माझी.’’

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली. बॉनेट उघडलं आणि मोटरपंप सुरू झाल्याचा आवाज आला. मी गर्भगळीत झालो. ओरडायचं कसं? पिवळा दिवा लावला, तर त्या गडबडीत बघणार कोण? तेवढ्यात माझ्यावर काहीतरी जाड, खरबरीत, मेंढराच्या वासाचं येऊन पडलं. ती उमाजींची घोंगडी होती. कितीतरी पावसाळे तिनं माणसाला कोरडं ठेवलं होतं.

‘‘आधी पाइप तिकडं कर,’’ बाणूबाई लेकाला म्हणाली. ‘‘चाकं धू. नारळ म्होरं दगडावर फोड. ह्याला नुसतं कुंकू.’’

मित्रांनो, मी अजूनही कोंडलेलाच आहे आणि जन्मभर असाच राहणार. तुमच्या घरातही माझ्यासारखे मुके पुष्कळ असतील. त्यांच्यातला कुणी अडून बसला, तर पाठीत पान्हा घालण्याआधी थोडं थांबा. कदाचित तो जुन्या माणसाची वाट बघत असेल. त्यानं दिवा लावला तर त्यावर देव चिकटवू नका. आणि पूजा करा, अवश्य करा, मलाही आवडते. फक्त कुंकू लावताना बोट कोरडं ठेवा.