खालच्या फळीवरची गोळ्यांची वाटी

मित्रांनो, जिच्यावर लोक विश्वासाने पालथे पडतात, तिच्यावर बूट चढवायला बसू नये, एवढी साधी अक्कल आमच्या मालिशवाल्या मावशींच्या मुलाला नाही. वर हा शहाणा लोकांना सांगायचा की डॉक्टरच्या गोळ्या म्हणजे विष, आणि स्वतःच्या डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट माझ्या गादीखाली लपवायचा. रोज टोचायचं मला ते. मी मालिशची जुनी खाट, बोलणं माझं काम नव्हे. पण आज बोलणार आहे.

मला एका सुताराने बनवलं. मावशींच्या हाताने त्याची धरलेली कंबर मोकळी झाली, म्हणून त्याने मला त्यांच्यासाठी केली. पालथ्या माणसाला श्वास घेता यावा म्हणून उशाशी भोक पाडलं, तेही स्वतःच्या तोंडाच्या मापाने. त्याचं नाक भलतं मोठं होतं. त्यामुळे आजवर माझ्यावर कुणाचा जीव गुदमरला नाही.

खोली एकच, खिडकीही एकच. सोमवारी सुया टोचणारे गृहस्थ यायचे, बुधवारी साखरेच्या बारीक गोळ्या देणाऱ्या बाई, शुक्रवारी श्वासाचे व्यायाम शिकवणारे एक निवृत्त ड्रायव्हर. बाकीचे दिवस मावशींच्या तेलाचे. कुणाचा किती गुण आला, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. सुयांनी काहींची मान मोकळी झाली, काहींची होती तशीच राहिली. श्वासाच्या व्यायामाने घाबरट माणसांना झोप लागायची. साखरेच्या गोळ्या नेमकं काय करतात, ते मला अजून कळलेलं नाही. पण त्या बाई तासभर ऐकून घेत, आणि ऐकून घेतलं की माणूस हलका होतो, हे मी वजनावरून सांगते. मोडलेलं हाड मात्र यांतल्या कुणी जोडलं नाही, आणि जोडतो असं मावशींनी कुणाला म्हणूही दिलं नाही.

मावशी जेमतेम तिसरी शिकलेल्या. पण त्यांची एक रीत होती. माझ्या खालच्या फळीवर, भोकाच्या बरोबर खाली, एक स्टीलची वाटी असायची. येणाऱ्याने आपल्या चालू असलेल्या गोळ्या त्या वाटीत ठेवायच्या, मगच माझ्यावर पडायचं. मावशींना पाकिटावरची नावं वाचता यायची नाहीत. त्या एकेक पाकीट उचलून विचारायच्या, "ही कशाची? आणि मी तुझ्या अंगाला हात लावते, हे डॉक्टरांना सांगितलंस का?"

नाही म्हटलं की टॉवेल परत दोरीवर. "जा, विचारून ये. मी डॉक्टरच्या जोडीला आहे, डॉक्टरच्या जागी नाही."

लोक चिडायचे. पण विचारून परत यायचे.

पुढे मावशींचे हात थरथरायला लागले आणि त्यांच्या जागी मुलगा मालिशला उभा राहिला. हात चांगला आहे त्याचा, खोटं कशाला बोलू? पण पहिल्याच आठवड्यात त्याने वाटी उचलली. "लोक घाबरतात, आई. मालिशला येतात का पोलीस चौकीत?" वाटीत सेफ्टी पिना पडल्या आणि दाराबाहेर पाटी लागली, 'गोळ्यांशिवाय सर्व आजार बरे'.

मग शिंपीणबाई आल्या. मशीनवर वाकून पाठ गेलेली. वर्षापूर्वी त्यांच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. तेव्हापासून रक्त पातळ राहायच्या गोळ्या चालू होत्या.

"काकू, रक्त पातळ करून कुणाचं भलं झालंय?" तो म्हणाला. "बंद करा. मी काढा देतो."

"डॉक्टर रागावतील रे."

"मग सांगायचं कशाला?"

तिसऱ्या आठवड्यात त्या माझ्यावर पालथ्या पडल्या, आणि मला डाव्या पायाचा भार निराळा लागला. पोटरी गरम होती, चादरीतून कळत होतं. त्याने तेल घेतलं. "गोळा आलाय काकू. चोळला की उतरेल."

मावशी कोपऱ्यात स्टुलावर टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मान वर केली.

"हात काढ!"

"अगं आई, अजून सुरूच—"

"हात काढ म्हटलं ना! एकच पाय सुजलाय, दिसत नाही तुला?" मग त्या वाकून भोकाशी बोलल्या, "बाई गं, तुझ्या गोळ्या कुठायत?"

"बंद केल्या, मावशी. हाच म्हणाला."

मावशी मुलाकडे वळल्या. "गाडी बोलाव. हिला चालवू नकोस," एवढंच म्हणाल्या.

गाठ पुन्हा झाली होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, चोळली असती तर सुटून फुप्फुसात गेली असती, मग आमच्या हातात काही उरलं नसतं. शिंपीणबाई वाचल्या. आठवड्याने घरी गेल्या.

मित्रांनो, अंग दुखलं, झोप उडाली, तर आमच्यासारख्यांकडे खुशाल या. पण डॉक्टरांपासून आम्हाला लपवू नका आणि आमच्यापासून डॉक्टरांना. चालू गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, सांगणाऱ्याचा हात कितीही गोड असो.

शिंपीणबाईंना दाखल केलं, त्या दिवशी दवाखान्यातून परतल्यावर मुलगा माझ्यावर पालथा पडला. बुटांसकट. मावशींनी वाटीतल्या पिना काढल्या, वाटी पदराने पुसली. मग माझ्या गादीखाली हात घालून ते पाकीट ओढलं. रोज चादर बदलणाऱ्या बाईपासून काय लपतं? पाकीट वाटीत ठेवलं आणि वाटी पूर्वी असायची तिथे, त्याच्या तोंडाखाली सरकवली. भोकातून त्याला दुसरं काही दिसण्यासारखं नव्हतं.

"विष ना रे हे?" मावशी म्हणाल्या. "तू गुपचूप खायचं आणि तिचं बंद करायचं. हात तुझा माझ्यापेक्षा चांगला आहे, पण जीभ फार लांब आहे. उद्यापासून हाताने काम करायचं आणि तोंडाने फक्त विचारायचं. पाटी आजच उतरव. ही वाटी पुन्हा हलली, तर तुझाही या खोलीतून मुक्काम हलला म्हणून समज. आणि आधी ते बूट काढ."