कोऱ्या पानाखालची सही

वरच्या मजल्यावरच्या साहेबांनो, तुम्ही त्या माणसाची जीभ कापलीत आणि वर त्यालाच दरडावलंत, बोलला का नाहीस?

तो लाँड्रीतला बॉयलरवाला. बावीस वर्षं वाफेशी संसार केलेला. दर तासाला दाब वहीत लिहायचा, काही खटकलं तर शेवटच्या रकान्यात शेरा मारायचा. संध्याकाळी साहेब खाली यायचे आणि पानावर सही ठोकून जायचे. महिना भरला की वही वाफेच्या पाइपावरच्या फळीवर जायची. ओल लागू नये म्हणून ही शिस्त त्यानंच लावलेली.

गेल्या आठवड्यात सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला, पाइपाचा सांधा फुटला आणि प्रेसवाल्या ताईंचा हात कोपरापर्यंत भाजला. चौकशीसाठी वही खाली काढली, तर महिनाभराची पानं धुतल्या तांदळासारखी! तळाशी तेवढ्या साहेबांच्या निळ्या सह्या.

"घे तुझी कोरी वही," म्हणत साहेबांनी ती त्याच्या अंगावर भिरकावली. मागोमाग मेमो आला: नोंदी का केल्या नाहीत? तीन दिवसांत खुलासा द्या, नाहीतर घरी बसा.

"अकरा वेळा लिहिलंय मी, व्हॉल्व्ह चिकटतोय म्हणून!" तो घरी ओरडला.

"मग शाई काय उंदरांनी चाटली?" बायको म्हणाली.

उंदीर सोडून त्यानं सगळ्यांवर संशय घेतला. पहारेकऱ्यावर, दुसऱ्या पाळीवाल्यावर, घटकाभर स्वतःच्या डोक्यावरही. मग त्याला खिशातला पेन आठवला. दोन महिन्यांपूर्वी ऑफिसनं खोकंभर वाटलेला. ह्या पेनानं खुलासा लिहायचा नाही, एवढं त्यानं ठरवलं आणि कोपऱ्यावरचं स्टेशनरीचं दुकान गाठलं.

"मावशी, स्वस्त पाहिजे, पण मरेपर्यंत टिकणारा."

"कोण मरेपर्यंत? तू का पेन?" दुकानवाल्या मावशींनी बरणी पुढे सरकवली.

त्यानं पहिला पेन खिशाला अडकवला आणि खाली वाकला; पेन टपकन पडला. दुसऱ्याची क्लिप बोटानं ताणली तर कडकन मोडली. तिसरा फरशीवर आपटला.

"अरे, सून बघायला आलायस का? घे, हा पत्र्याचा. खटका दाबायचा, कांडी संपली की नवी घालायची. उन्हात गळत नाही, पाण्यात फिसकटत नाही."

तो लिहून, थुंकी लावून, घासून बघत राहिला. शेवटी त्यानं ऑफिसचा पेन काढला. "फक्त असला नको."

मावशी हसायला लागल्या. "हा खोडायचा पेन आहे रे! पोरं चित्रं काढतात ह्यानं." त्यांनी त्या पेनानं चिठ्ठीवर रेघ ओढली आणि चिठ्ठी चहाच्या गरम पेल्याला चिकटवली. रेघ गायब! "ऊब लागली की शाई उडते. फ्रीझरमध्ये ठेवलीस तर परत दिसते."

त्याच्या पायाखालची फरशी सरकली. बॉयलरच्या खोलीत हा पेन? आणि साहेबांच्या खिशात दुसराच?

पत्र्याचा पेन खिशाला लावून तो तडक घरी गेला. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये कोंबली.

"अहो, मटारावर वही? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"उद्यापर्यंत फ्रीझरचं दार उघडू नकोस. कुणाला उघडूही देऊ नकोस."

सकाळी त्यानं वही काढली. अक्षर फिकट होतं, पण त्याचंच होतं. पाच तारखेपासून अकरा पानांवर तेच वाक्य: व्हॉल्व्ह चिकटतोय, बदला. आणि त्याच्याखाली, प्रत्येक पानावर, ती निळी सही. बायकोनं एकेका पानाचा मोबाइलवर फोटो काढला. मग तिनं पंखा बंद करून खिडकीचा पडदा ओढला, ऊन येऊ नये म्हणून.

पेन स्वस्त मिळाले म्हणून आणले, की उडणारी शाई मुद्दाम खाली पाठवली, हे त्याला अजून कळलेलं नव्हतं. पण सही कशावर केली, हे ज्याचं त्याला माहीत असतंच. त्यानं खटका दाबला आणि मेमोच्या पाठीवर, कागद फाटेल इतक्या जोरानं लिहिलं:

'साहेब, सही करताना पान कोरं होतं, तर महिनाभर कोऱ्या पानांवर सह्या का केल्यात? लिहिलेलं होतं, तर वाचून व्हॉल्व्ह का बदलला नाहीत? ताईंचा हात भाजलाय. दोन्हींतलं एक उत्तर लेखी द्या. आणि तुमच्या स्वतःच्या पेनानं द्या.'