कॉलर सुलटी करणारी खुंटी

मी एक जुनी लाकडी खुंटी आहे, मित्रांनो. कपडे टांगायची नव्हे हं! शर्टाची कॉलर सुलटी करायची. वीतभर उंच, टोकाला निमुळती. ऐन उमेदीत मी इतकी गुळगुळीत होते, की माझ्यावर बसलेली माशी घसरून थेट पलीकडच्या टेबलावर पडायची. खोटं वाटत असेल तर त्या माशीला विचारा.

शर्टांच्या कारखान्यात एक मावशी होती. कॉलर आधी उलटी शिवतात, मग ती सुलटी करून दोन्ही टोकं बाहेर काढावी लागतात. मावशी ते कात्रीच्या टोकानं करायची. हात जरा जोरात गेला की कॉलरीला भोक. अंगठ्याला तर घट्टेच पडलेले. तासाला पन्नास कॉलरी, त्याही कण्हतकुंथत.

तेव्हाची मुकादमबाई तोंडानं फटकळ, पण मनानं मोकळी. चहानंतर रोज अर्धा तास ती मावशीला द्यायची. "कर तुझी काय ती खटपट. पण भुसा सांडलास ना, तर तुझ्याच चहात घालीन!"

मावशीनं घरून मोडक्या खुर्चीचे चार पाय आणले. एक तासता तासता चिरला, एक जाड राहिला, एक इतका अणकुचीदार झाला की कॉलरच फाडली. चौथी मी.

शेजारच्या टेबलावर तिची धाकटी जाऊ कॉलरींना इस्त्री करायची. ती म्हणाली, "जाऊबाई, खुर्ची संपली. आता पलंग मोडणार का? भाऊजी जमिनीवर झोपतील हो!"

"झोपू देत. घोरणं तरी जमिनीत मुरेल."

तर मला टेबलावर उभं ठोकलं. कॉलर माझ्यावर चढवायची, खाली ओढायची, की टोक बाहेर! तासाला नव्वद कॉलरी होऊ लागल्या. मावशीचा अंगठा सुखावला. मधे मान वर करून खिडकीबाहेर बघायलाही तिला सवड मिळू लागली. ते दिवस सोन्याचे, मित्रांनो. फार नव्हते.

माझी कीर्ती वरपर्यंत गेली आणि गळ्यात घड्याळ अडकवलेले एक साहेब आले. मोजणारे साहेब. बरोबर चार पाहुणे. मावशीला वाटलं, आपलं कौतुक बघायला आलेत. मग काय! पदर खोचला, श्वास रोखला, आणि अशी सुटली की माझ्यातून धूर निघाला.

जाऊ दबक्या आवाजात म्हणाली, "जाऊबाई, सावकाश! ते मोजतायत."

"मोजू देत की! डोळे भरून बघू देत."

अर्ध्या तासात साठ. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मोजणाऱ्या साहेबांनी वहीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशीपासून तासाला एकशेवीसचा नियम झाला. रोज, आठही तास. पाहुण्यांसमोर जीव खाऊन पळालेल्या माणसाला रोज तसंच पळायला लावलं. चहानंतरचा अर्धा तासही गेला. साहेब म्हणाले, "खुंटी तयार झाली ना? मग आता खटपट कशाला?" मुकादमबाई म्हणाली, "अहो, बाई आहे ती, पंखा नाही." तर मुकादमबाईलाच गोदामात पाठवून दिलं.

लाकूडच मी. झिजणारच. वर्षभरात माझं टोक पिंजलं, बारीक कुसळं निघाली.

"साहेब, दहा मिनिटं द्या. पॉलिश पेपर मारते हिला."

"मावशी, दहा मिनिटं म्हणजे वीस कॉलरी!"

तिनं तीनदा विचारलं. तीनदा हेच उत्तर. शेवटी जे व्हायचं तेच झालं. माझ्या कुसळांत अडकून धागे ओढले गेले आणि तीनशे शर्ट परत आले.

"कुणाच्या हातचं काम?" साहेबांनी विचारलं.

जाऊनं सगळं ऐकलेलं होतं, तीनही वेळा. ती इस्त्रीकडे बघत राहिली. तिचंही पोट त्याच कारखान्यावर. मी ओरडले हो, जिवाच्या आकांतानं ओरडले! पण लाकडाचं कोण ऐकतं?

मावशीला घरी बसवलं. जाताना तिनं मला उपटून पिशवीत टाकलं. फाटकावर पहारेकऱ्यानं पिशवी उघडली.

"मावशी, ही कारखान्याची वस्तू आहे."

"अरे, माझ्या घरच्या खुर्चीचा पाय आहे तो!"

"यादीत लिहिलंय. मी काय करू?"

मावशीनं माझ्या टोकावरून एकदा अंगठा फिरवला आणि रिकामी पिशवी घेऊन गेली.

आता मी तुटक्या सुयांच्या डब्यात पडून आहे. धागे ओढते म्हणून मला बाद केलं. दुसरी खुंटी करायला कुणी धजत नाही. केली तर नियम दीडशेवर जाईल, हे सगळ्यांना कळलंय. मावशीच्या जागी एक नवी बाई बसते. तिच्या हातात परत कात्रीच आहे आणि नियम मात्र एकशेवीसचाच आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलंही कुणी साहेब होईल. तुमच्या हाताखालच्या माणसानं काही नवं करून दाखवलं, तर टाळ्या नाही वाजवल्यात तरी चालेल. ते घड्याळ तेवढं खिशात ठेवा. आणि त्यानं दहा मिनिटं मागितली, तर द्या रे बाबांनो.