भट्टीवाले काका, काकू आणि मी

मित्रांनो, कापडी टोपरे घालून कपाटावर बसलेला मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले आणि शेवटचा स्क्रू पिळून समाधानाने मान डोलावली. तिथून मी एका लहानशा दवाखान्यात आलो. तिथल्या तपासणीच्या खोलीतल्या ताई मला तान्ह्या बाळासारखे जपत.

दर थंडीत आमच्याकडे पाव भाजणाऱ्या भट्टीवाल्या काकांचा कफ तपासायला येई. काकांचा सारा जन्म लाकडाच्या धुरात गेला होता. आपल्या श्वासनळीत बारीक बारीक केस असतात. ते सतत हलत कफ वर लोटतात आणि त्याबरोबर धूळ व जंतूही बाहेर जातात. धुराने हे केस झडतात. मग कफ साचतो, जंतू तिथे बिऱ्हाड थाटतात, नळ्या सुजतात, आणखी कफ होतो आणि जंतूंचे आणखीच फावते. औषधाने काकांना उतार पडे, पण बरे वाटले की स्वारी पुन्हा भट्टीपुढे! विजेची भट्टी घ्या, असे सांगून लेक थकली. त्या पावाला चव नसते, हे काकांचे ठरलेले उत्तर.

एकदा काका काकूंना घेऊन आले. काकूंना दारापासून बाकापर्यंत येतानाही धाप लागली. त्यांनी उभ्या आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. पण रोज काकांच्या शेजारी उभ्या राहून त्या पाव वळत. ताईंनी त्यांचा कफ काचपट्टीवर पसरला, रंगवला आणि पट्टी माझ्याखाली सरकवली. काकांनी विचारले, मी बघू का? ताईंनी त्यांना स्टुलावर बसवले. माझ्या भिंगातून त्यांना जंतूंचे जांभळे ठिपके दिसले, जोडीजोडीने, दाटीवाटीने.

"ही माझी पट्टी असेल, ताई. नीट बघा."

"काकूंचीच आहे, काका."

काकांनी बराच वेळ माझ्यावरून डोळा काढला नाही. माझी काच ओली झाली. मग ते बाकाशी गेले आणि हळूच म्हणाले, "उद्यापासून तू घरी थांब."

"आणि तुम्ही एकटे धुरात? मग मीही येणार."

 त्याच आठवड्यात भट्टी विझली आणि लेकीने विजेची आणली. चव गेली म्हणून काका कुरकुरले, तेव्हा काकू म्हणाल्या, पाव तोच आहे, इतकी वर्षे तुमच्या जिभेवर धूर होता.

गेलेले सगळे परत येत नाही. जिना चढताना काकांना अजून दम लागतो. पण पुढची थंडी आली आणि गेली, तरी दोघांपैकी कोणाचीच पट्टी माझ्याकडे आली नाही. मी वाट पाहत होतो, आणि ती येऊ नये असेही मला वाटत होते.

आता माझ्या जागी नवे यंत्र आले आहे. माझी तक्रार नाही. फक्त एक मागणे आहे. तुमच्या घरात कोणी रोज धुराजवळ उभे राहत असेल आणि "खोकला काय, जुनाच आहे" म्हणत असेल, तर त्याचे ऐकू नका. हाताला धरून त्याला दवाखान्यात न्या. आणि मित्रांनो, त्या धुरात त्याच्या शेजारी आणखी कोण उभे असते, तेही एकदा बघा.