दादाच्या उंचीची सीट

कारखान्याकडे जाणारी बस बंद झाली, तेव्हा बारकीला मागच्या बोळात उलटी टांगलेली दादाची सायकल आठवली. तशी ती विसरली कधीच नव्हती. तिकडे बघायचं टाळत होती एवढंच. दादा याच सायकलवरून डोंगर उतरताना एका वळणावर गेला. सायकलीला मात्र दोन ओरखडे, बस्स.

घरात आता दोघीच, आई आणि ती. तिशी उलटली तरी आईच्या तोंडी ती बारकीच. कवळ्या बनवायच्या कारखान्यात ती दिवसभर परक्या जबड्यांचे साचे तासायची. दादा गेल्यापासून आईने पुढच्या दाराचा उंबरा ओलांडला नव्हता.

"दादाची सायकल कामावर न्यावी म्हणते," जेवताना बारकी म्हणाली.

आईने पेला तोंडाला लावला तो रिकामा होईपर्यंत काढला नाही. मग म्हणाली, "ने की. गंज खात पडलीय."

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने ती उभीआडवी करून पाहिली. "ही रोज कामाला नेणार? पैलवानाला बालवाडीत घातल्यासारखं होईल, ताई."

पण हात चालवला त्याने. काटेरी टायर जाऊन गुळगुळीत आले. पुढच्या चाकाचा लचकणारा चिमटा काढून साधा, ताठ बसवला. मडगार्ड, घंटी, मागे दणकट कॅरियर. शेवटी सीट. दादा ताडमाड, बारकी जेमतेम त्याच्या खांद्याला. सायकलवाल्याने सीटखालचा खटका सैल केला, सीट चांगली वीतभर खाली दाबली आणि खटका आवळला.

मुठी तेवढ्या जुन्याच राहिल्या. उजवीवर अंगठ्याने झिजून खळगा पडला होता. पहिल्या दिवशी तिचा अंगठा त्यात गेला आणि तिला वाटलं, आपण कुणाचा तरी हात धरलाय. चढावर दम लागला की पाठीमागून कुणी लोटल्यासारखी सायकल हलकी व्हायची. ती मागे वळून बघायची नाही.

दुसऱ्या सकाळी टांग टाकायला गेली, तर सीट पुन्हा वर. दादाच्या उंचीला. तिने खाली केली. तिसऱ्या सकाळी तेच. एकदा तर कामावरून सुटल्यावर कारखान्याच्या आवारातही सीट वरच होती.

"खटका सैल असेल," ती सायकलवाल्याला म्हणाली.

"सीट खाली घसरते, ताई. वर चढलेली मी तरी नाही पाहिली," तो हसत म्हणाला. बारकीचा चेहरा पाहून त्याने हसू गिळलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती कपडे वाळत घालायला मागे गेली, तर बोळात आई. आईने खटका उघडला, सीट वर ओढली, खटका लावला आणि सीटच्या वर, हवेत, हात धरून उभी राहिली.

"आई!"

आईने हात खाली घेतला नाही. "सीट इथं असली की त्याचा खांदा इथं यायचा. तू खाली केलीस की मला सापडतच नाही गं."

बारकीला राग आला. "मला सांगायचंस तरी! भीतीनं अर्धी झाले मी."

"काय सांगू? वेड लागलंय म्हणून? तू आंघोळीला गेलीस की येते इथं रोज."

"आणि परवा? कारखान्यात?"

"तिथं मी कशी येईन? मी घराबाहेर पडते का?"

दोघींची नजर एकदमच सीटवर गेली. बारकीच्या हातातल्या ओल्या चादरीतून पाणी टपकत होतं. शेवटी आईच म्हणाली, "मला तिकडे ने."

"कुठे?"

"ते वळण दाखव."

डोंगराचा चढ दोघींनी सायकल ढकलत, थांबत थांबत पार केला. वळणावर वाळलेलं गवत होतं, कडेला वाकलेला पत्र्याचा कठडा होता. बाकी काही नव्हतं. आईने कठड्यावरून तळहात फिरवला, हाताला लागलेली धूळ बघितली, पुसली नाही. मग म्हणाली, "चल."

उतारावर आई कॅरियरवर बसली, एका बाजूला दोन्ही पाय सोडून. बारकीच्या कमरेला तिने घट्ट मिठी घातली. सायकलीने वेग घेतला तशी आई तिच्या पाठीमागून म्हणाली, "हळू रे. पुढे वळण आहे."

हळू *रे*. बारकीने आईचा शब्द दुरुस्त केला नाही. दोन्ही ब्रेक दाबले आणि म्हणाली, "हो आई."

वळण संपेपर्यंत तिने सायकल पायी चालल्यासारखी नेली. मग आईची मिठी सैल झाली. घर येईपर्यंत आई दादाशी बोलत राहिली: नळ गळतो, शेजारणीचा मुलगा परत आला, तू किती वाळलायस. बारकी मधून मधून "हं" म्हणत होती.