जिन्यावरून परत

रक्त पाहिलं की तिला घेरी यायची. शाळेत मैत्रिणीचा गुडघा फुटला, तर शुद्ध हरपली हिची. तेव्हापासून घरात तिचं नाव भागूबाई पडलं. तिनं नर्सिंगचा फॉर्म आणलाय हे कळल्यावर आईला हसू आवरेना.

"अगं, पेशंटला तू उचलणार, की पेशंट तुला?"

भागूबाईही हसली. पण ऑपरेशनच्या आधी भीतीनं मुके झालेल्या बाबांना वॉर्डातल्या सिस्टरनं दोन मिनिटांत बोलतं केलं होतं, आणि आपल्याला हे आलं पाहिजे, असं तिच्या मनानं तेव्हाच घेतलं होतं. फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार होती. तो अजून कोराच होता.

बाबा प्लंबर. त्यांच्या आतड्याचा तुकडा काढून पोटावर एक तोंड ठेवलं होतं आणि त्यावर शौच जमा होणारी पिशवी चिकटवलेली असे. ती आई बदलायची. तेवढा वेळ भागूबाई गॅलरीत कपडे वाळत घालायची, कपडे नसले तरी.

बुधवारी दुपारी आई बाहेर गेली असताना बाबांनी हाक मारली.

"आई आली का गं?"

"नाही. का?"

"काही नाही."

त्या 'काही नाही'नंच काहीतरी बिनसल्याचं तिला कळलं. ती आत गेली. पिशवीची कड सुटली होती. सदरा, चादर, सगळं भरलं होतं. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

"तू जा. आईला येऊ दे."

तिच्या कानांत दडे बसले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. "खालच्या काकूंना बोलावते," म्हणत ती पळालीच. काकूंच्या दाराला कुलूप. तिनं आईला फोन लावला, तर तो वर घरातच वाजू लागला. ती पायरीवर बसली. आई येईपर्यंत इथंच बसावं, असं तिला खरोखर वाटलं. तेवढ्यात वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

ती धावत वर गेली. बाबा पलंगाच्या कडेला धरून उभे होते, एक हात पोटावर. शेजारी बादली लवंडलेली.

"बसा आधी," ती ओरडली. टाके उसवले असते तर? तिला पुढचा विचारच करवेना.

हातमोजे चढवताना बोटं एकमेकांत अडकत होती. "बाबा, बोलत राहा. काहीही. नळाचं सांगा."

"आधी मेन कॉक बंद करायचा," बाबा म्हणाले. "मग जुना वायसर काढायचा..."

तिनं पिशवी सोलून काढली. खाली लाल, ओलसर मांस होतं, आणि ते हललं. ती मोरीकडे धावली, भडाभडा ओकली, चूळ भरली आणि नवे हातमोजे घालून परत येऊन बसली.

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या गळत्या काढल्या," बाबा म्हणाले, "आणि आता बघ." मग हळूच, "मघाशी पळालीस ना?"

"हो."

"मला पळता आलं असतं, तर मीही पळालो असतो."

दुसऱ्या दिवशी तपासायला आलेल्या सिस्टरनं पिशवी पाहिली. "पिशवीचं भोक मोठं कापलंय, कातडी चुरचुरेल. पण बसलीय नीट. कुणी लावली?"

"मी. आधी पळून गेले होते."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"मी पहिल्या वर्षी अर्धा तास संडासात लपले होते. मला कफ बघवत नाही. बावीस वर्षं झाली, अजून ढवळतं."

"मग?"

"मग काय! ढवळत असतानाच करते."

शुक्रवारी कॉलेजची खिडकी बंद व्हायच्या जरा आधी भागूबाईनं फॉर्म दिला. सही वाकडी आली होती.

प्रवेश मिळाल्यावर वॉर्डातल्या पहिल्याच ड्रेसिंगला ती कोसळली. तिला स्टुलावर बसवून पाणी पाजलं. दुसऱ्या आठवड्यात जखमेवरची पट्टी उचलताना तिच्या पाठीवरून घाम ओघळत होता. पट्टी पूर्ण निघेपर्यंत ती उभी होती.